रेशनकार्डावरचं माझं नाव

भारत सरकारनं तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली त्या आठवड्यात इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलमधली शहाणीसुरती माणसं वेड्यासारखं वागायला लागली. ज्यांच्या गराजमध्ये महिनाभराचा तांदूळ आधीच पडून होता, तेसुद्धा देशी दुकानाबाहेर सकाळी आठला गाड्या लावून उभे. तिकडे पावसानं घोळ घातला होता, भाव चढायला लागले होते, आणि देशातला तांदूळ देशातच राहावा, गरिबाला परवडेल अशा भावात मिळावा, एवढाच सरकारचा हेतू होता. पण इकडे व्हॉट्सॅपवर रिकाम्या फळ्यांचे फोटो फिरू लागले आणि बघता बघता लोकांना वाटू लागलं, की आपण आता उपाशी मरणार.

मी सोलापूरची. आम्ही मूळचे ज्वारीवाले. भात आमच्याकडे सणावारी, पाहुणा आला तर, नाहीतर पोट बिघडलं तर. तांदळावाचून माझं काहीही अडणार नव्हतं आणि माझ्या नवऱ्यानं तसं बोलूनही दाखवलं. तो नागपूरचा, शांत माणूस, प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एखादं ॲप असतं.

"अगं, आपण वीकमधून दोनदा राइस खातो. कशाला लाइनमध्ये उभी राहतेस? मी ऑनलाइन ऑर्डर करतो ना."

"ऑनलाइन संपलाय."

"मग पास्ता खाऊ यार."

मी दाराआडच्या खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि निघाले. तांदूळ इथे पोत्यात मिळतो, त्याला कापडी पिशवी कशाला लागते, हे मला गाडी पार्किंगमध्ये लावल्यावर सुचलं. पण रेशनच्या रांगेत पिशवीशिवाय जाणं मला जमलं नसतं. हात आपोआप तिच्याकडे गेला होता.

दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता: एका कुटुंबाला एकच पोतं. त्याच्याखाली रांग, आणि रांगेत एकाहून एक नग. माझ्या पुढे पुण्याच्या एक काकू होत्या, साठीच्या, मुलाकडे आलेल्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान. दुकानाचा माणूस विचारायला आला तेव्हा काकूंनी यजमानांकडे बोट करून सरळ सांगितलं, "हे माझे कोणी नाहीत." काका बिचारे मान खाली घालून उभे. चाळीस वर्षांचा संसार एका पोत्यापायी मोडताना मी डोळ्यांनी पाहिला. हसू आवरत नव्हतं.

बाकी रांग मात्र अगदी अडाणी होती. कुणी गाडीत फोन विसरला म्हणून गेला, की मागचा पुढे सरकायचा, मग वाद. तिशीतली ती सगळी हुशार पोरं कोडिंग करतात, पण रांग कशी धरतात हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. शेवटी माझ्या नाकावरचा राग बाहेर आला. मी माझी कापडी पिशवी फुटपाथवर माझ्या जागी ठेवली, वर घड्या घालून एक वर्तमानपत्र ठेवलं आणि मागच्या मुलीला म्हटलं, "ही मी. मी चहा घेऊन येते."

ती पिशवीकडे बघत राहिली. "बट हाउ विल दे नो, मावशी?"

"कळतं सगळ्यांना. तुझी पर्स ठेव आणि तूही चल."

मी चहा घेऊन परत आले तेव्हा फुटपाथवर सात-आठ वस्तू ओळीनं ठेवल्या होत्या. पाण्याची बाटली, योगाची चटई, कुणाची तरी टोपी. माणसं सावलीत गप्पा मारत उभी होती आणि वस्तू रांगेत. कुणीही कुणाच्या वस्तूच्या पुढे गेलं नाही. अमेरिकेत येऊन मला वीसच्यावर वर्षं झाली होती, आणि त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा मला या देशात एखादी गोष्ट दुसऱ्याला शिकवता आली.

पोतं मिळालं. ते गाडीत ठेवलं आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला आईची इतकी आठवण आली, की गाडी सुरू करता येईना.

आमच्या गल्लीच्या टोकाला रास्त भावाचं दुकान होतं. बाबा गिरणीत, आई बालवाडी चालवायची, त्यामुळे रेशन आणणं हे आईचं आणि माझं काम. रांगेत माणसं कमी आणि पिशव्या, डबे, रॉकेलचे कॅन जास्त. माझा एक चपटा दगडही होता, तो मी भल्या सकाळी जाऊन ठेवून यायची, आणि मग आई बालवाडी सुटल्यावर यायची. त्या दगडाला अख्खी गल्ली मान द्यायची. आमच्या शेजारणीचं आणि आईचं तर सहा महिने बोलणं नव्हतं, तरी तिनं कधी तो दगड सरकवला नाही.

दुकानाबाहेर एक काळा फळा. त्यावर खडूनं भाव लिहिलेले: गहू, तांदूळ, साखर, पामतेल, रॉकेल. आई आधी तो फळा वाचायची, मग पिशव्यांची तोंडं उघडायची. सरकारनं भाव ठरवलाय म्हणजे ठरवलाय, त्यात घासाघीस नाही आणि त्यात कुणी पैसा वर घ्यायचा नाही, अशी तिची पक्की समजूत. मंडईत भाजीवाल्याशी दहा मिनिटं हुज्जत घालणारी ही बाई रेशन दुकानात अगदी वेगळी वागायची. फक्त काट्याकडे डोळे लावून उभी राहायची. काटा मध्ये येऊन थांबेपर्यंत दुकानदाराला माप उचलू द्यायची नाही. "सरकारनं भाव ठरवला, माप काय तू ठरवणार?" असं तिनं एकदा म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तो दुकानदार ती आली, की आधी काटा पुसायचा.

साखरेचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. साखर माणशी मिळायची. कार्डावर जितकी नावं तितकी युनिटं, आणि जितकी युनिटं तितकी साखर. आमची तीन माणसं, तीन युनिटं. दिवाळीला सरकार थोडी जास्त सोडायचं आणि मग घराघरातून त्या जादा साखरेवर चर्चा चालायच्या, शंकरपाळे करायचे की करंज्या. खुल्या बाजारात साखर होती की. पण तो भाव ऐकून आई म्हणायची, "त्या साखरेचं गोड लागणार नाही."

आणि याच साखरेपायी गल्लीतली बरीच माणसं मेल्यानंतरही जिवंत असायची. कुणाची आजी वारून पाच वर्षं झाली, तरी तिच्या नावाची साखर येतेय. कुणाची मुलगी लग्न होऊन विजापूरला गेली, तिचं नाव तिकडच्या कार्डावर चढलं, आणि इकडंही चालूच. सगळ्यांना सगळं माहीत. खाई त्याला खवखवे, पण खवखवतंय असं कुणाच्या तोंडावरून वाटायचं नाही. आमची आई मात्र या बाबतीत फार कडक. एकदा दुकानदाराच्या हिशेबात चूक होऊन आमच्याकडे एक युनिट जास्त आलं, तर ती साखर तिनं घरी येऊन पुन्हा तोलली आणि मला परत द्यायला पाठवलं. मी रस्त्यात त्यातली एक चिमूट खाल्ली. ते मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तिचा हा कडकपणा कुठून आला, ते ती एकाच गोष्टीवरून सांगायची. तिचं नवीन लग्न झालं तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. भाकरी थापायला घेतली, की कडेनं फाटायची आणि गिळताना घशात अडकायची. अमेरिकेत म्हणे ती डुकरांना घालतात, असं बायका रांगेत म्हणायच्या. आई म्हणायची, "घालेनात का. आम्हांला भाव ठरवून दिली, माप घालून दिली. ज्यानं दोन नावं जास्त लावली त्यानं दोन माणसांची भाकरी खाल्ली, एवढंच मला तेव्हा कळलं." माझं लग्न ठरलं, नवरा अमेरिकेत नोकरीला आहे असं मी तिला सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य होतं, "मिलोच्या देशात चाललीस की."

पासपोर्ट काढायला राहण्याचा पुरावा म्हणून रेशनकार्डच लागलं. त्याची झेरॉक्स अजून माझ्या इथल्या कपाटात, मुलीच्या जन्मदाखल्याच्या फायलीत आहे. कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचं नाव, खाली आई, खाली मी, वय वर्षं दोन असताना नोंदवलेली. पुढे कुणी ते वय बदललंच नाही. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायचं आणि सासरच्या कार्डावर चढवायचं, ही रीत. पण सासरच्या कार्डावर चढण्याआधी मी विमानात चढले. दोनच वर्षांचा प्रश्न होता. नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं, की परत. विमानतळावर आईला मी तेच सांगितलं, "दोन वर्षांत येते."

दोनाची चार झाली. मग मुलगी झाली. मग मुलीची शाळा. दर दिवाळीला मी फोनवर म्हणायची, "आई, पुढच्या वर्षी कायमचे येतोय बघ." मी खोटं बोलत नव्हते. फोन ठेवल्यावर मी खरोखर पुण्यातल्या घरांचे भाव बघायची. आई म्हणायची, "ये." एवढंच. कधी, कुठे, कशी, काही नाही.

बाबा गेले, तेव्हा मी पंधरा दिवस सोलापुरात होते. परत आल्यावर आठवडाभरातच आईचा फोन आला. पेन्शनचं, बँकेचं काहीच अजून झालेलं नव्हतं, पण ती म्हणाली, "बाबांचं नाव कार्डावरून कमी करून आले." मला राग आला. अजून महिना झाला नव्हता, काय एवढी घाई होती? पण राग ओसरल्यावर मनात एक वेगळाच विचार आला आणि मला त्यानं इतकं बरं वाटलं, की मी तो घट्ट धरून ठेवला. आता कार्डावर आम्ही दोघीच राहिलो. ती आणि मी. जिनं नवऱ्याचं नाव महिनाभर ठेवलं नाही, तिनं माझं नाव इतकी वर्षं ठेवलंय. आयुष्यभरात तिनं एकच नियम मोडला आणि तो माझ्यासाठी मोडला. मी तिला विचारलं मात्र नाही. जाते तेव्हा कार्ड उघडून बघावं, असंही कधी वाटलं नाही.

इथे कुणाला हे सांगितलं असतं तर हसले असते. माझं नाव इथे बँकेत आहे, घराच्या कागदांवर आहे, मुलीच्या शाळेच्या पालकांच्या यादीत चुकीच्या स्पेलिंगनं का होईना पण आहे. पण मीटिंगमध्ये कुणी माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं उच्चारून पुढचं गिळून टाकलं, की मी मनातल्या मनात सोलापूरच्या त्या कार्डावरची शाईतली ओळ वाचायची. तिथे माझ्या नावावर साखर येत होती. त्या साखरेचं आई काय करते, कुणाला देते, याचा मी कधी विचारच केला नाही. विचार केला असता तर तेव्हाच कळलं असतं.

इथलं नागरिकत्व घेतलं, त्यालाही आता आठ वर्षं झाली. कारणं सगळी व्यवहाराची होती आणि सगळी खरी होती. शपथ घ्यायला ज्या सभागृहात बसलो होतो तिथे माझ्या शेजारी व्हिएतनामची एक म्हातारी होती, ती आनंदानं रडत होती. मीही रडले. तिला वाटलं आनंदानंच, आणि तिनं माझा हात दाबला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आईला सांगायचं नाही." तो म्हणाला, "का पण? तिला काय फरक पडतो?" त्यानंतर प्रत्येक फेरीत सोलापूरला मी अमेरिकेचा निळा पासपोर्ट साडीच्या घडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवायची. पन्नाशीची बाई, आणि शाळकरी मुलीनं प्रगतिपुस्तक लपवावं तशी वागत होते.

आईशी फोनवर बोलण्याचे आमचे विषय ठरलेले असतात. तब्येत, शेजारीण, मग भाव. ती तिकडचे भाव सांगते, मी इकडचे. मध्ये इथे अंडी भयंकर महाग झाली, दुकानातून पाट्या लागल्या, एका गिऱ्हाइकाला दोनच डझन. आईला हे फार आवडलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

"मग तिथलं सरकार भाव का नाही बांधून देत?"

"इथे सरकार भाव नाही ठरवत, आई."

"मग कोण ठरवतं?"

"मार्केट ठरवतं. बाजार."

"बाजार म्हणजे कोण? कुणीतरी माणूस असेल की. त्याला जाऊन विचारता येतं का?"

आकडेवारीचं विश्लेषण करण्याचा मला पगार मिळतो. तरी मी घाईनं विषय बदलून तिकडचा कांद्याचा भाव विचारला.

तांदळाची ती रांग मी तिला रंगवून सांगितली होती. काकूंनी नवऱ्याला परका केला ते ऐकून ती ठसका लागेपर्यंत हसली. फुटपाथवर पिशवी ठेवल्याचं सांगितलं तर म्हणाली, "आणि कुणी सरकवली नाही? मग चांगली माणसं आहेत की तिथली." मला एकदम वाटलं, नागरिकत्वाचं आत्ताच सांगून टाकावं. जीभ उचलली, पण टाळ्याला लागली नाही. त्यानंतर वर्षभर गेलं.

आणि मग एका शनिवारी तिचा फोन आला. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. आवाज वैतागलेला.

"रेशनवाल्यानं बोलावलंय. अंगठे द्यायचेत म्हणे यंत्रावर. कार्डावर जेवढी नावं तेवढ्यांचे अंगठे. ज्याचा अंगठा नाही त्याचं नाव जाणार."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"मी दोनदा जाऊन आले," आई पुढे बोलत होती, "माझा अंगठाच घेत नाही ते यंत्र. रेघा झिजल्यात म्हणतो. भांडी घासून घासून रेघा झिजल्या, त्याला मी काय करू? बुधवारी पुन्हा बोलावलंय."

ती तिच्या अंगठ्याबद्दल बोलत होती आणि मी माझ्या. माझा अंगठा लागणार. मी तिथे नाही. आणि गेले तरी मी आता त्या देशाची नागरिक नाही, माझ्या अंगठ्याला त्या यंत्रापुढे काही किंमत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर बातम्या फिरत होत्या: बोगस नावं शोधणार, कार्डं रद्द करणार, चौकशी होणार. मला दिसलं ते असं, की सोलापूरच्या पुरवठा कार्यालयात माझी आई एका टेबलापुढे उभी आहे आणि कुणीतरी विशीतला कारकून तिला विचारतोय, "आजी, मुलगी अमेरिकेत आणि नाव इथे? इतकी वर्षं दुसऱ्याचं धान्य खाल्लंत?" जिनं एका युनिटाची साखर परत पाठवली, तिला हे ऐकावं लागणार, आणि ते माझ्यामुळे.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मुलीनं विचारलं, काय झालं, तर मी तिला कार्डाचं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "सो जस्ट टेल हर, आई. इट्स अ कार्ड." नवरा म्हणाला, "क्लिअर सांगून टाक. ती रागावली तर रागावली. पण तिला तिथे प्रॉब्लेम नको व्हायला." दोघांचंही बरोबर होतं. त्या दोघांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती, की ती ओळ कापली गेली तर माझ्या परत जाण्याच्या गोष्टीला टेकायला काही उरणार नव्हतं. इतकी वर्षं मी नोकरी, घर, मुलगी, सगळं इथे मांडलं आणि मनात म्हणत राहिले, की माझी जागा तिथे धरून ठेवलेली आहे.

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी फोन केला. आई जेवणाच्या तयारीत होती, कुकरची शिटी ऐकू येत होती.

"आई, माझं नाव कमी करून टाक."

"कशावरून?"

"कार्डावरून. रेशनच्या. मी इथली नागरिक झालेय. आठ वर्षं झाली. तुला सांगायचं राहिलं." आणि लगेच, तिला बोलायला वाव न देता, "तू त्या ऑफिसात जाऊ नकोस, मी कुणाला तरी पाठवते. तुला काही बोलले तर सांग, की मुलीनं मला फसवलं. सगळं माझ्यावर घाल."

तिनं गॅस बंद केला. तो आवाज मला नीट ऐकू आला.

"तुझं नाव नाहीय कार्डावर," ती म्हणाली.

"काढलं त्यांनी? परवाच?"

"मी काढलं. तू गेलीस त्याच महिन्यात."

मला काही कळेना. "कुठल्या महिन्यात?"

"तू विमानात बसलीस त्या. पंधरा तारखेच्या आत सांगितलं नाही तर पुढच्या महिन्याचा माल त्या नावावर येतो. माणूस इथं नाही आणि त्याची साखर मी उचलायची? मला नाही ते जमलं."

"पण मी दोन वर्षांसाठी गेले होते, आई."

"तिथला क्लार्क तेच म्हणाला. फॉर्मवर कारण लिहायचं असतं, तात्पुरते का कायमचे. तो म्हणाला, बाई, तात्पुरते लिहा, पोरगी आली, की नाव चढवायला सोपं पडेल. चांगला होता बिचारा. पण मी कायमचे लिही म्हटलं."

मला राग आला, आणि मी तो तिच्यावर काढला. माझा आवाज वर गेला, नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मला न विचारता कसं लिहिलंस, मी येणार नाही हे तू कोण ठरवणार, मी तर येणारच होते, दर दिवाळीला सांगत होते, तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं, असं बरंच बोलले. विमानातून उतरून मला अजून इथला पत्तासुद्धा पाठ झालेला नसेल, तेव्हा तिनं सोलापुरात बसून माझं काय होणार ते एका शब्दात लिहून दिलं होतं. आणि ते बरोबर होतं, म्हणून मला जास्त लागत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. आई माझं बोलणं कधीच मध्ये तोडत नाही.

"खोटं आहे हे माहीत होतं, तर मला बोलू कशाला दिलंस इतकी वर्षं?" मी शेवटी विचारलं.

"खोटं कुठं? तू मनापासून म्हणायचीस. पुढच्या वर्षी येते. ते ऐकलं, की मला दोन-चार दिवस बरं जायचं. मग मी कशाला तोडू?"

तिनं गॅस पुन्हा पेटवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आता माहीत झालं म्हणून म्हणायचं बंद नको करूस."

मी बोलायचा प्रयत्न केला. दर दिवाळीला जे न अडखळता बोलत आले होते ते तीन शब्दांचं वाक्य होतं, दुसरं काही नाही. आई पलीकडे थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या तोंडून ते निघालं नाही. बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "बरं. ऑफिसला उशीर होतोय ना तुला, जा," आणि तिनंच फोन ठेवला.